चिमाबाईचा हातगुण

कासारसाईच्या धरणाच्या वरच्या अंगाला धनगरांची वाडी आहे. तिथली चिमाबाई कोकरे ही मोठी चौकस बाई. शेजारणीकडं कोण आलं नि कोण गेलं, ही चौकशी करायला वाडीत इतर बाया भरपूर होत्या. चिमाबाईला त्यात काडीचा रस नव्हता. तिची चौकशी असायची बाळांची. हिंजवडीच्या टॉवरमध्ये असो की गावातल्या चाळीत, बाळंतीण घरी आली की न्हाऊ-माखू घालायला चिमाबाईला निरोप जायचा. पाटावर बसून, पाय लांब करून तिनं बाळ पायांवर घेतलं की बोलणं सुरू. "काय गं बया, कुटनं आलीस? नाक कुणाचं आणलंस ह्ये? आजीचं? मग काय खरं न्हाई तुझं!" बाळाला बोलता येत नाही म्हणून ते काही सांगत नाही, हे तिला बिलकूल मान्य नव्हतं. हे पाय का ताणतंय, ते डावीकडंच का बघतंय, तिसरं नळाचा आवाज आला की का दचकतंय, याचा ती घरी पोचेपर्यंत विचार करायची आणि शेळ्या चारून आलेल्या नवऱ्याचं, गेणूचं, डोकं खायची.

आणि रडणारं बाळ तिच्या हातात गप व्हायचं. सगळीच व्हायची असं नाही, पण जी होत नव्हती ती लोक विसरून जायचे. चिमाबाईच्या हातगुणाचा सगळीकडं बोलबाला झाला. कुणी तोंडावर बोललं की ती "कशाचं काय, समदी बिरोबाची करणी" म्हणायची, आणि पदरानं तोंड पुसायच्या निमित्तानं मनासारखं हसून घ्यायची.

चैन म्हणाल तर तिला एकच, मशेरीची. तंबाखू तव्यावर काळीभोर होईपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची आणि चिमूटभर बोटावर घेऊन दात घासत निवांत बसायचं. गावची आशाताई जया, म्हणजे सरकारी दवाखान्याकडून घरोघर फिरून पोटुशी बायांची नि पोरांची विचारपूस करणारी, तिनं चिमाबाईला पढवून ठेवलं होतं की बाळाला हात लावायच्या आधी साबणानं हात धुवायचे. चिमाबाई इमानानं धुवायची. बाळंतिणीचं अंग रगडून झालं की हात स्वच्छ धुवायचे, मग बाळाचं पाणी निवेपर्यंत पायरीवर बसून मशेरी लावायची, बोट पदराला पुसायचं आणि बाळ घ्यायचं. वर्षानुवर्षं हाच क्रम. यात काही चुकतंय असं तिला कधी वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर बघणाऱ्या कुणालाही वाटलं नाही.

कारण त्या भागात व्यसन म्हणजे बाटली. जया बिचारी दारोदार विचारायची, "घरात कुणाला व्यसन?" बाया हळू आवाजात म्हणायच्या, "धन्याला हाय थोडं." "आणि तुम्हाला?" "अगं बया! आमी बायामाणसं काय दारू पितो व्हय?" आणि काळ्या हिरड्या दाखवत खुशाल हसायच्या. मशेरी ही त्यांच्या लेखी चहा-साखरेत जमा होती. जया डोक्याला हात लावायची नि पुढच्या घरी जायची.

तर या चिमाबाईला एक दिवस रंभाबाईकडून बोलावणं आलं. रंभाबाई म्हणजे गावातलं तालेवार घर. रस्त्याकडेची जमीन विकली, उरलेल्या जागेत खोल्या बांधून कंपनीतल्या पोरांना भाड्यानं दिल्या. धनी मागंच वारलेले. मुलगा माऊली आधी कंपनीची कॅब चालवायचा, मग भाडं घरबसल्या यायला लागलं तशी कॅब सुटली आणि बाटली धरली. त्याची बायको सायली बाळंत झाली होती. तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही सासरीच. मुलगी झाली, पण अगदी मूठभर.

"चिमे, काय तरी कर बाई," रंभाबाई दारातच म्हणाली. "पोरगी रडायची थांबंना. दृष्ट काढली, घुटी दिली, डाक्टरला दावली. त्यो म्हणतो वजन वाढंल तसं शांत व्हईल. तवर आमी काय कानात बोळं घालून बसायचं?"

चिमाबाईनं छकुलीला पायांवर घेतलं आणि तिची जीभ गप झाली. अशी पोर तिनं फार थोडी पाहिली होती. हनुवटी थरथरत होती. हात उचलला तरी लटलट कापायचा. आणि रडणं कसं, तर बारीक, चिरकं, एकसारखं. भुकेचं नव्हे, पोटात दुखायचं नव्हे. "तुला पायजेल तरी काय गं?" चिमाबाईनं कळवळून विचारलं. अंग चोळलं, टाळूवर तेल घातलं, ऊन पाणी घेतलं. मग नेहमीसारखं जिभेवरून बोट फिरवायला तोंडात घातलं, आणि छकुलीनं ते बोट असं धरलं की सोडीना. चोखत राहिली. थरथर कमी होत गेली. मूठ उघडली. डोळे मिटले.

"बघा!" रंभाबाई हात जोडून म्हणाली. "ह्येला म्हंत्यात हातगुण."

चिमाबाईनं मान वर केली. खाटेवर बसलेली सायली बघत होती. तिच्या डोळ्यांत आनंद असायला हवा होता, तो नव्हता. "माझ्याकडं आली की लगीच रडाया लागती," ती म्हणाली. "माझा वासबी नको तिला." चिमाबाईनं ते हसण्यावारी नेलं. हातगुणाचं कौतुक ताजं होतं ना, तेव्हा दुसऱ्याचं दुखणं जरा कमीच ऐकू येतं.

रोज तेच व्हायला लागलं. सकाळी चिमाबाई यायची, छकुली गप व्हायची. चिमाबाई गेली की थोडा वेळ बरा जायचा आणि मग तो चिरका सूर चालू. खोल्यांतली भाडेकरू पोरं कानात हेडफोन घालून बसायची. माऊली संध्याकाळ झाली की बाहेर पडायचा आणि पिऊन आला की गच्चीवर जाऊन झोपायचा.

असेच काही दिवस गेले. आणि एका सकाळी झबलं काढल्यावर चिमाबाईचा हात थांबला. छकुलीच्या डाव्या दंडावर वळ होते, निळसर, बोटांचे. कुणीतरी तो कोवळा दंड गच्च आवळला होता.

न्हाऊ घालणारीला घरातलं पहिलं काय दिसतं, तर बाळाचं उघडं अंग. आईलासुद्धा अंधुक उजेडात दिसत नाही ते तिला दिसतं. चिमाबाई घाबरली. पण भीतीच्या मागोमाग तिची ती चौकशी उभी राहिली. कुणाचं बोट हे? तिनं आपली बोटं वळांवर अलगद ठेवून बघितली. तिची बोटं जाड पडली, वळ बारीक. माऊलीचा पंजा तर फावड्याएवढा. रंभाबाईची बोटं आखूड, गाठीगाठीची. चिमाबाईनं हळूच खाटेकडं पाहिलं. सायली भिंतीकडं तोंड करून निजली होती, आणि तिची लांब, सडसडीत बोटं उशीवर पसरली होती.

चिमाबाई काही बोलायच्या आतच रंभाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तिच्या नजरेला ते वळ पडले. मग काय विचारता! तांब्या तिथंच आदळला. "माऊल्या! मुडद्या, खाली ये! लेकराच्या जीवावर उठलास?"

माऊली डोळे चोळत खाली आला. त्यानं दंड बघितला. आपले हात बघितले. चिमाबाईला वाटलं, आता हा आकांडतांडव करील, शपथा घेईल. तो एवढंच म्हणाला, "मीच असंल. मला कुटं काय आठवतंय?" आणि भिंतीला टेकून मटकन खाली बसला.

सायली उठून बसली होती. तिनं तोंड उघडलं, पण शब्द बाहेर आला नाही. चिमाबाईसुद्धा गप राहिली. वळांवर आपली बोटं ठेवून बघितली एवढ्यावर एका बाळंतिणीवर आळ घ्यायचा? तिचं मन होईना.

जया आली, तिनं दंड तपासला, पोरीला पुन्हा डॉक्टरला दाखवायला लावलं. हाड शाबूत होतं. मग सगळ्यांना समोर बसवून ती स्पष्ट बोलली. "रडल्यानं बाळ मरत नाही. पण हिसडलं, हलवलं, तर मरू शकतं. राग आला, हात शिवशिवला, की तिला खाली ठेवायचं, खोलीबाहेर यायचं आणि हाक मारायची. पुन्हा असं काही दिसलं तर मला वर कळवावं लागेल. मी मुकाट बसणार नाही."

"तुला कळवायची पाळीच येणार न्हाई," रंभाबाई म्हणाली. तिनं आपला निर्णय घेऊन टाकला होता. थोरली लेक दिशा भुकूमला फ्लॅटमध्ये राहते, तिला मूलबाळ नाही, ती छकुलीला घेऊन जाईल. माऊली सुधारला तर बघू, नाही तर पोर तिकडंच वाढंल. रविवारी दिशा गाडी घेऊन येणार. माऊलीनं मान डोलावली. सायलीला कुणी विचारलंच नाही, आणि तीही हूं का चूं बोलली नाही.

चिमाबाई त्या दिवशी घरी गेली ती भिरभिरलेल्या डोक्यानं. गेणू गोठ्यापाशी एका पाटीला दाबून धरून बसला होता. पाटी म्हणजे पहिलटकरीण शेळी. ती पिल्लाला अंगाला लागू देत नव्हती, ढुसण्या मारत होती.

"आता हिला काय झालं?" चिमाबाईनं विचारलं.

"काय व्हनार? शेजारच्या सोमनाथच्या पोरांनी दिसभर पिल्लू मांडीवर घिऊन खेळवलं. त्येला दुसराच वास लागला. ही हुंगती नि म्हंती, ह्ये माझं न्हवंच." गेणूनं पिल्लाच्या पाठीवर शेळीचंच दूध चोळलं. "तुझ्यासारखीच हायेत ती बी. दुसऱ्याच्या लेकरावर माया लई."

एरवी चिमाबाईनं त्याला चार शब्द सुनावले असते. आज ती उकिडवी बसून त्या शेळीकडं बघत राहिली. शेळी पिल्लाला हुंगत होती. वास. सायली काय म्हणाली होती? माझा वासबी नको तिला. मग कुणाचा हवाय? चिमाबाईनं आपला उजवा हात नाकाशी नेला. तेल, डाळीचं पीठ, साबण. आणि त्या सगळ्याखाली, नखाच्या खाचेत मुरलेला, तिचा रोजचा, लाडका वास.

"काय गं, हात काय हुंगतीस?" गेणू म्हणाला.

"गप बसा," चिमाबाई म्हणाली. तिला त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही.

रविवारी सकाळी ती लवकरच गेली. रंभाबाई स्वयंपाकात गुंतली होती, लेक येणार म्हणून पुरणाचा घाट घातला होता. माऊली बाहेर अंगणात उगाच झाडत होता. चिमाबाईनं रडणाऱ्या छकुलीला पायांवर घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा डाव्या हाताचं बोट तिच्या ओठांना लावलं. छकुलीनं चाखलं, थुंकलं आणि दुप्पट जोरानं भोकाड पसरलं. "का गं? डाव्या हाताला काय काटं हायेत व्हय?" चिमाबाईनं उजव्या हाताचं मशेरीचं बोट नुसतं नाकाजवळ नेलं. छकुलीची मान वळली. तोंड उघडून ती त्या बोटाच्या मागं मागं जायला लागली. बोट लांब नेलं, मान तिकडं. इकडं आणलं, मान इकडं. बोट तिच्या ओठांना न लावता चिमाबाईनं हात मागं घेतला. आपण उघड्यावर नागडं उभं असावं तशी तिला लाज वाटली.

"सायले," ती म्हणाली, "खरं सांग. तू मशेरी लावत व्हतीस?"

सायलीनं आधी नाही म्हटलं. मग रडायला लागली. आईनं शिकवली होती, दाढ दुखायची तेव्हा. आई गेली, मशेरी राहिली. पोटात छकुली असताना दिवसभर डबी हातात असायची. जया बाळाला वाईट म्हणून सांगायची, तेव्हा वाटायचं सगळ्याच तर लावतात. पण छकुली अशी कापत जन्मली आणि दवाखान्यात नर्सनं काळ्या हिरड्या बघून झापलं, तेव्हा तिनं डबी फेकून दिली. "कुणाला सांगणार, मावशी? आत्याबाईच लावत्यात. तवापासनं माझं डोकं फुटतंय. हात कापत्यात. भांडं पडलं तरी जीव घ्यावासा वाटतुया. आनि ही रडती. तुमच्याकडं गप व्हती नि माझ्याकडं रडती. मला वाटलं, हिला मी नकोच हाय."

"अगं येडे, तिला मी बी नको हाय!" चिमाबाई कपाळावर हात मारून म्हणाली. "तिला मशेरी पायजे. पोटात नऊ म्हैनं मिळाली, भाईर आल्यावर बंद झाली. तू कापतीस तशीच ती कापती. तुझं तुला कळतंय तरी, तिला काय कळणार? आनि मी भवानी रोज येऊन चाटवून जाती. सुटायची तशी सुटूच दिली न्हाई मी तिची."

सायली तिच्या तोंडाकडं बघत राहिली. रडता रडता मध्येच हसली आणि परत रडली. मग खाली मान घालून म्हणाली, "मावशी, तिचा दंड..."

"म्हाईत हाय."

"म्हाईत व्हतं? मग बोलला न्हाई?"

"तू कुटं बोललीस?"

पुढं काही बोलायच्या आत अंगणात गाडी थांबली. दिशा आली होती, नवे झबले-टोपडे, दुधाची बाटली, गाडीत बांधायची बाळाची खुर्ची, सगळं घेऊन. चेहऱ्यावर भीती आणि हाव दोन्ही. आत येताच तिनं छकुलीकडं हात पसरले. "चला, ऊन चढायच्या आत निघू. माऊली, सही-बिही काही लागत नाही ना रे?"

चिमाबाईनं मनात हिशेब मांडला. बोललं तर हातगुण गेला. गावात संध्याकाळपर्यंत बोभाटा, उद्या टॉवरमधल्या बायका फोन उचलणार नाहीत. आणि न बोललं तर? न बोललं तर पोर चालली भुकूमला, बाप आयुष्यभर न केलेल्या गोष्टीसाठी तोंड लपवणार, आणि ही सायली रिकाम्या खोलीत डोकं आपटत बसणार.

"रंभावैनी, ही माझ्याकडं गप का व्हती ठावं हाय?" चिमाबाईनं उजवं बोट सगळ्यांपुढं धरलं. "हातगुण-बितगुण काय न्हाई. मशेरी हाय बोटाला."

आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

रंभाबाईला ते झेपलं नाही. "चिमे, तुझी मती फिरली. इतकी वर्सं आमी लावतो, आमची पोरं काय मेली? मशेरीनं कुटं काय व्हतं?" तिनं पुरणाचा हात पदराला पुसला, कमरेची डबी काढली, बोट बुडवलं आणि कुणी अडवायच्या आत छकुलीच्या तोंडाला लावलं.

छकुली जन्मापासून आजीकडं घटकाभर गप राहिली नव्हती. तिनं ते बोट धरलं आणि रडणं बटन दाबल्यासारखं थांबलं. रंभाबाईच्या तोंडावर आधी केवढा आनंद पसरला! नात माझ्याकडं गप झाली! आणि मग तो आनंद हळूहळू उतरत गेला, कारण आता तिलाही कळलं होतं. चिमाबाईनं तिचं बोट ओढून काढलं आणि छकुलीचं तोंड ओल्या फडक्यानं पुसून घेतलं. "काढा वैनी. इख हाय त्ये."

दारात उभ्या माऊलीनं विचारलं, "मग तिचा दंड?"

"मी धरला व्हता," सायली म्हणाली. आवाज इतका बारीक की तिलाच तो पुरेसा वाटला नाही. ती पुन्हा म्हणाली, "तुमी न्हाई. मी आवळला. तुमी वर निजला व्हता."

"मी न्हाई?" माऊलीनं लहान पोरासारखं विचारलं. आणि तो एवढा थोराड गडी तोंडावर पालथा हात धरून रडायला लागला.

"लई भारी वाटून घिऊ नगंस," चिमाबाई त्याच्यावर खेकसली. तिला त्याचा रागही आला होता आणि कीवही. "शुद्धीत असतास तर बायकोच्या हातनं पोर घेतली असतीस. वर लोळत पडलास म्हणून ती एकटी व्हती."

दिशानं हातातली टोपडी खाली ठेवली. ती सायलीसमोर बसली आणि वकिलासारखं विचारलं, "परत करशील?"

सायली नाही म्हणेल असं सगळ्यांना वाटलं. कोणतीही आई नाहीच म्हणेल. सायलीनं थोडा वेळ विचार केला.

"म्हाईत न्हाई वन्सं," ती म्हणाली. "हात शिवशिवत्यात. राग कुटनं येतो कळत न्हाई. तुमाला खोटं सांगून पोर ठिवून घिऊ व्हय? पर तिला नेलं तर मी पुन्यांदा डबी धरीन, त्ये मातर पक्कं म्हाईत हाय. तिला नेऊ नका. मला एकटीला ठिवू नका, बस."

रंभाबाईनं लेकीकडं पाहिलं, लेकीनं छकुलीकडं. ती हाव अजून दिशाच्या डोळ्यांत होती. ती काही चुटकीसरशी जात नाही. मग तिनं पर्समधून फोन काढला आणि नवऱ्याला लावला. "अहो, मी आज येत नाहीये. उद्याचंही माहीत नाही. फ्रीजमध्ये डाळ आहे." फोन ठेवून ती सायलीला म्हणाली, "मला बाळ सांभाळायचं होतं. दोन निघाली."

जयानं डॉक्टरांशी बोलून दिलं. सायलीनं पाजत राहायचं, घरात मशेरी भाजायची नाही, छकुलीची थरथर हळूहळू कमी होईल. व्यसन सोडवायला मदत करणाऱ्या एका समुपदेशक बाईंकडं सायली जायला लागली, आणि तिच्यामागं माऊलीही. माऊली काही एका दिवसात देव झाला नाही. कधी चार दिवस सरळ जायचे, कधी पाचव्याला पाय वाकडा पडायचा. पण प्यायला असला तर तो आपणहून पायरीवर बसून राहायचा आणि म्हणायचा, "मला आज पोरगी देऊ नगा." रंभाबाईनं डबी फेकली नाही; ती गच्चीवर जाऊन लावायची, आणि कुणाची चाहूल लागली की चोरी पकडल्यासारखी दचकायची.

आणि चिमाबाई? तिनं प्रत्येक घरी जाऊन सांगितलं, मशेरी सुटेपर्यंत मी बाळाच्या तोंडात बोट घालणार नाही. टॉवरमधल्या एका बाईनं दुसऱ्याच दिवशी दुसरी मालिशवाली लावली. हातगुणाचं नाव निघेनासं झालं. तिला मनापासून वाईट वाटलं, लपवून काय उपयोग! मशेरी सोडताना तर तिचं डोकं ठणकायचं, गेणूच्या बोलण्याला काटे फुटायचे, एकदा तिनं भरलेली बादली लाथाडली. दोनदा हरलीही, शेजारणीच्या डबीत बोट घालून. पण त्यातही तिला एक नवल वाटायचं. पोर का रडते हे आयुष्यभर बाहेरून शोधलं, आता आतून कळत होतं. "असं व्हतं व्हय गं तुला?" ती छकुलीला विचारायची. "आत नुसतं खाजवल्यासारखं? आनि सांगायची चोरी!"

छकुलीला न्हाऊ घालायचं काम तिनं सायलीवर सोपवलं. आपण बाजूला बसायची, हात मांडीवर ठेवून, तोंडानं सांगत. अशाच एका सकाळी पाणी ऊन होतं, तेल लावून झालं होतं, आणि छकुलीला काय झालं कोण जाणे, तिनं जुना चिरका सूर लावला. सायलीनं थोपटलं. गाणं म्हटलं. पालथी केली, उताणी केली. रडणं वाढतच गेलं. चिमाबाईला दिसलं, सायलीचा जबडा आवळला जातोय. बोटं छकुलीच्या दंडाभोवती आली. चिमाबाई पुढं झुकली.

सायलीनं छकुलीला पंच्यावर ठेवलं, ताडकन उभी राहिली आणि घर दणाणून जाईल अशी ओरडली, "वन्सं! आत्याबाई! कुणीतरी धरा हिला!" आणि बाहेर पळाली.

आतून दिशा धावत आली. रंभाबाई पिठाचे हात घेऊन आली. माऊली अर्ध्या गालाला साबणाचा फेस लावून आला. तिघं छकुलीभोवती गोळा झाली, दिशानं तिला उचलून खांद्यावर घेतलं. छकुली तिच्या कानात रडतच राहिली.

चिमाबाई बाहेर गेली. सायली ओट्यावर बसली होती, दोन्ही मुठी काखेत दाबून, डोळे गच्च मिटून. चिमाबाई तिच्या शेजारी टेकली. रस्त्यावरून कंपनीच्या बस जात होत्या. मग सायलीच्या मुठी हळूहळू सुटल्या.

"मावशी, रडती का अजून?"

"कान हायेत की तुला. रडती."

"मग जाते मी," सायली म्हणाली, पदरानं हात पुसले आणि आत गेली.